वासराचा दात

हाडं पाण्यात बुडवायची नाहीत, हे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हणलं, मग धुवायची कशी? तर म्हणल्या, धुवायचीच नाहीत, नुसती पुसायची. आणि हातात ब्रश दिला, लहान पोरांचे दात घासायला असतो तसला मऊ, निळा, दांड्यावर ससा काढलेला. माझ्या पोरीला तेव्हा खालचे दोन दात नुकते आले होते. पण तिचे दात घासायची वेळच आली नव्हती, कारण तिच्या तोंडात दुधाशिवाय काय गेलंच नव्हतं. तो ब्रश हातात घेतला नि पहिलं मनात तेच आलं.

आमची वाडी पोलादपूरवरून कुडपणच्या बाजूला वर चढताना लागते. रस्ता रुंद करायला जेसीबी आला, खालच्या माळावर दगडांच्या ओळी निघाल्या, खापरं निघाली, मग कोणीतरी कोणाला कळवलं नि काम थांबलं, आणि संक्रांत झाल्यावर ही पुण्याकडची, जुनं खणून बघणारी माणसं आली नि शाळेत राहिली. बाकीचे सगळे खापरांच्या मागे नि भिंतींच्या मागे. मॅडम एकट्या हाडांच्या मागे. तीपण माणसांची नाय, गुरांची. शेजारची काकी खड्ड्यातली माती उचलायला होती, ती म्हणायची, "एवढी शिकली नि मेलेली ढोरं गोळा करते. आईबापाला काय म्हणून सांगितलं असंल गो हिनं?"

मलापण माती उचलायलाच घेतलं होतं. पण दोन पाट्या उचलल्या की मला धाप लागायची, डोळ्यांपुढं काळं यायचं, मी तिथंच बांधावर बसायची. बाळंतपणापासून हे असंच. पोरगी झाली ती लावणीच्या दिवसांत, पाचव्या दिवसापासून मी पाणी भरत होते. मॅडमनी मला बसलेलं बघितलं नि म्हणल्या, हिला माझ्याकडे द्या, सावलीत बसून करायचं काम आहे. काकी म्हणली, "बघ, बसल्या जागी नशीब फळफळलं, तेपण हाडकांवर."

हाडं म्हणजे काय, हातात घेतलं की कळायचं नाय हाड हाय का वाळलेली माती. आमच्याकडची तांबडी माती नि चार महिन्यांचा पाऊस, त्यात काय टिकतंय? घरातलं लाकूड टिकत नाय. काही हाडं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी, बोट लावलं की गेली. मी श्वास धरून पुसायची. मला आधीच श्वास कमी, त्यात तो धरायचा. एखादं मोडलं की मी घाबरून मॅडमकडं बघायची, त्या म्हणायच्या, "मोडू दे. ते आधीच मेलेलं आहे." पण त्यांचं तोंड उतरलेलं दिसायचं.

एक दिवस मी विचारलं की मॅडम, ह्याचं करणार काय?

त्यांनी हातातलं हाड खाली ठेवलं. मग म्हणल्या, "तुमच्याकडे बकऱ्याच्या पायांचा रस्सा करतात ना? गार झाल्यावर थिजतो बघ, थरथरतो. ते हाडातून उतरलेलं असतं. मला या हाडांतून तेच काढायचंय. पातळ आम्लात हाड ठेवायचं, दगडासारखा भाग विरघळून जातो, आणि मागे ते राहतं. राहिलं तर."

"आणि नाय राहिलं तर?"

"तर बाटलीच्या तळाला तपकिरी गाळ. तुमच्या मातीत बहुतेक वेळा गाळच." आणि त्या हसल्या, पण दमलेलं हसू.

मग त्यांनी सांगितलं की जनावर जे खातं ते त्याच्या हाडात जातं नि राहतं. खाण्यात कार्बन असतो, कोळशात असतो तोच, पण त्यातला काही हलका नि काही जड. भाताच्या पेंढ्यात त्यांचं प्रमाण वेगळं, आणि नाचणीच्या काडात नि डोंगरावरच्या गवतात वेगळं. मशीनमध्ये ते मोजता येतं. म्हणजे ही गाय खालच्या भाताच्या पेंढ्यावर वाढली का वर डोंगरात चरून वाढली, ते कळतं, ती मरून कितीपण काळ झाला असला तरी. त्या हलक्या-जडाला आयसोटोप म्हणतात. तो शब्द मी घरी चढून जाईपर्यंत तोंडात घोळवत गेले नि उंबऱ्यावर विसरले, दुसऱ्या दिवशी परत विचारला. मी आठवीपर्यंत शिकलेली, विज्ञानाच्या बाई आमच्या कायम रजेवर असायच्या. पण हे मला कळलं. जे खाल्लं ते आत राहतं. हे कळायला काय शाळा लागत नाय. कळलं नि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

कारण मग मी काय खात होते? पोटुशी होते तेव्हा मला काय पचत नव्हतं. भात नि सुकट, भात नि मीठ, तेपण अर्धं उलटून पडायचं. नंतर पथ्य म्हणून आत्यानं, म्हणजे सासूनं, मी सासूला आत्या म्हणते, तिनं हे बंद ते बंद केलं. आणि तेच माझ्यातून पोरीत. मी मॅडमना विचारलं, माणसाचं पण असंच असतं काय? त्या म्हणल्या, हो, अगदी असंच. दुधाचे दात तर आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात.

त्यांनी ते सहज सांगितलं. मी पोरीला मांडीवर घेऊन होते, ती माझ्या पदराशी खेळत होती, आणि मला वाटलं की तिच्या त्या दोन दातांत माझी उपाशी पावसाळी संध्याकाळ बसलीय आणि ती आता निघायची नाय.

आता उष्टावणाचं सांगते, कारण खरी भीती तीच होती.

आमच्यात पोराला पहिला घास मामानं भरवायचा. तोवर अंगावरचं दूध. मुलगा असला तर सम महिन्यात, मुलगी असली तर विषम. म्हणजे माझ्या पोरीचा पाचवा नाय तर सातवा नाय तर नववा. माझा भाऊ एकटाच, मुंबईला हॉटेलात किचनमध्ये. पाचव्याला म्हणला मालक सोडत नाय. सातव्याला म्हणला शिमग्याला येतोच, तेव्हाच करू. आत्यानं पाट धुवून ठेवला, तांदूळ निवडून ठेवले. शिमग्याला पालखी दारात नाचून गेली, भाऊ काय आला नाय. दुसरा आचारी पळून गेला म्हणे, सगळं ह्याच्या गळ्यात.

मी रडायला लागले तर काकी म्हणली, "अगो, व्हिडिओ कॉल लाव. हल्ली लग्न लावतात मोबाईलवर, एक घास नाय देता यायचा?"

आत्या म्हणली, "मोबाईलातून घास बाहेर येतो काय? आला तर मलापण दे, दोन दिस भाकरी थापायची सुटका."

"आणि इकडं रेंज कुठाय," मी म्हणलं. रेंज मिळायला खाली वळणापर्यंत उतरावं लागतं. तिथं पोरीला पाटावर बसवून, एसटीच्या धुरळ्यात? सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण माझं दूध आटत चाललं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण पोरीला ठाव होतं. ती ओढायची, ओढायची, मग मागे होऊन माझ्या तोंडाकडं बघायची.

नवरा महाडला एमआयडीसीत, पाळीवर, रविवारी यायचा. त्याला म्हणलं की थोडा मऊ भात देऊ काय? तर म्हणला, "आईला विचार." तो वाईट नाय. पण त्याचं सगळं आईला विचार असतं. आणि आईला विचारलं की आई म्हणायची, "मामा येऊ दे. कच्च्या पोराला असं द्यायचं नाय." उष्टावण न झालेलं पोर कच्चं, आत्याच्या लेखी त्याला काय पण बाधायचं, वारं, नजर, हाडं.

हाडं तर आमच्याच पडवीत येऊन बसली होती. शाळेच्या ओट्यावर ऊन यायचं नि कुत्री यायची, एका कुत्र्यानं शेळीचं खांद्याचं हाड पळवलं, त्याच्यामागं मॅडम चप्पल टाकून माळभर धावल्या. मग त्यांनी आमची पडवी मागितली, सावली नि वारा दोन्ही होतं म्हणून. त्यांचे ट्रे पुरेनात, मग आमची सुपं घेतली, सुपात कागद, कागदावर हाडं. आत्या नाय म्हणणार असं मला वाटलं होतं. पण मॅडम तिला आजी म्हणल्या नि तिच्या हातचा चहा बिनसाखरेचा पिऊन छान म्हणल्या, तर आत्या विरघळली. फक्त म्हणली, "उंबऱ्याच्या आत आणायची नाय."

त्याच दिवसांत वासराचा जबडा निघाला. अर्धाच. हाड काय हातात येईना, पण दात होते तीन, पिवळट, वरून चकाकणारे. मॅडम एकदम लहान पोरीसारख्या झाल्या. म्हणल्या, "हाडातलं सगळं जातं, पण दाताचं वरचं कवच टिकतं. आणि बघ, दात टोकापासून खाली बनत येतो. टोकाला वासराचे पहिले दिवस. खाली येशील तसे नंतरचे. आपण बारीक बारीक रेघा घेऊन भुकटी काढणार, म्हणजे कळेल हे आईच्या दुधावर कधीपर्यंत होतं आणि चाऱ्यावर कधी आलं."

"दूध सुटल्याचं दिसतं?"

"दिसावं. निघेलच असं नाही. पण दिसावं."

मी त्या दाताकडं बघत बसले. मला वाटलं ह्या वासराला कोणी थांबवलं नसणार. गवत दिसलं, तोंड लावलं. मामा कुठला त्याला.

नववा महिना लागला नि पोरीला ताप आला. तिला घेऊन मी उतरले, वडापच्या जीपमध्ये बसले, पोलादपूरला सरकारी दवाखान्यात. तापाचं औषध दिलं, पण डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर ठेवलं नि कपाळाला आठी घातली. "वरचं काय खाते?" मी पोरीचं झबलं नीट करत राहिले. "अहो, नऊ महिन्यांची होत आली, वरचं सुरू केलं की नाही?" मी मान हलवली, कुठल्या बाजूला ते मलाच ठाव नाय. त्यांनी माझी पापणी ओढून बघितली, म्हणल्या, "तुमच्यातच रक्त नाही, हिला कुठून देणार? नाचणीचं सत्त्व, मऊ भात, वरण. आजपासून. असंच ठेवलंत तर पुढच्या तापाला ही टिकायची नाही." येताना जीप भरलेली, पोरगी माझ्या छातीवर निपचित, आणि मी एकच वाक्य मनात म्हणत होते, पुढच्या तापाला, पुढच्या तापाला. चढ चढताना चार वेळा बसले. घरी आले नि आत्याला सगळं सांगितलं, धापा टाकत, अर्धं रडत.

आत्या पोरीच्या कपाळाला हात लावून म्हणली, "ह्या हाडकांनी झालं. मी सांगत होते."

"आत्या, डॉक्टरबाई म्हणतात खायला द्या."

"देऊ. मामा आला की देऊ. नववा अजून सरला नाय."

मला तिच्याशी भांडता येत नाय. भांडायला दम लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पडवीत आल्या, सुपावर वाकल्या, नि तशाच वाकून राहिल्या. मग कागदाचा कोपरा नाकाशी नेला. मी म्हणलं, काय झालं?

"हे ओलं कसं?"

मी हात लावला. ओलं होतं. वास आला, नि तो वास आमच्या घरात कोणाला सांगायला लागत नाय. तेवढ्यात गोठ्यातून आत्या आली, हातात तांब्या, तांब्यात तुळशीची डहाळी. आम्हाला बघून ती थांबली नाय, आली नि तिसऱ्या सुपावर डहाळी झाडली. गोमूत्र.

"आजी!" मॅडम ओरडल्या. मी त्यांना तेव्हाच एकदा ओरडताना ऐकलं.

"काय झालं?"

"हे... हे कधीपासून करताय?"

"आणली तेव्हापास्नं. रोज पहाटे, तुम्ही येईस्तोवर वाळतं. आज उशीर झाला. घरात कच्चं पोर हाय, नि दारात मेलेली ढोरं. शुद्ध नको करायला? तुमचंच काम सोपं केलं."

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. मला वाटलं आता मला काढणार. मी आत जाऊन पाणी आणलं, ते त्यांनी हातात धरलं नि प्यायल्या नायत. मग हळू म्हणल्या, "आजी, या हाडांत मला सापडणार होतं ते इतकं थोडं आहे. आणि मूत्रात पण तेच असतं, नायट्रोजन. आता मिसळलं तर कोणाचं कुठलं मला कळणार नाही. मला त्या गाईनं काय खाल्लं ते बघायचं होतं. आता तुमच्या गाईनं काय खाल्लं ते निघेल."

आत्याला राग आला. "आमची गाय चांगलंच खाते! पेंढा खाते, पेंड खाते. लाजायसारखं काय निघायचं नाय."

मॅडम बघत राहिल्या नि मग त्यांना हसू आलं, तोंडावर हात धरून हसल्या, डोळ्यांत पाणी, ते हसण्याचं का कसलं ते मला कळलं नाय. आत्या तांब्या घेऊन तशीच उभी. पोरगी आतून रडायला लागली, बारीक, मांजरासारखं. मी उचलून आणली, पदराखाली घेतली. ती दोनदा ओढून मागे झाली.

मग आत्यानं तांब्या खाली ठेवला. वासराचे दात एका डबीत कापसावर वेगळे होते, मॅडमच्या पिशवीत, ते तिनं आदल्या दिवशी बघितले होते. ती म्हणली, "त्या वासराचं पण बिघडलं काय माझ्यानं?"

"नाही आजी. ते माझ्याजवळ होतं. आणि दाताच्या कवचाला असं काही होत नाही."

"म्हणजे त्याचं कळंल. दूध कधी सुटलं, काय खाल्लं."

"कदाचित."

आत्यानं पदरानं हात पुसले. "पहिला घास कोणी दिला, तेपण कळंल?"

मॅडमना वाटलं आजी चेष्टा करतेय. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं नि सरळ उत्तर दिलं. "नाही. कोणी दिला ते नाही राहत. काय दिलं तेवढंच राहतं. ते पण राहिलं तर."

आत्या उंबऱ्यावर बसली. पाय पोटाशी घेऊन, चुलीपुढं बसते तशी. आणि आमच्याकडं न बघता म्हणली की तिचा पहिला मुलगा, माझ्या नवऱ्याच्या आधीचा, तो रडायचा म्हणून तिनं उष्टावणाच्या आधी त्याला पेज पाजली होती. तिचा भाऊ यायचा होता वरंध घाटातनं, पावसात घाट बंद झाला. पोराला हगवण लागली. भाऊ आला तेव्हा पोर नव्हतं. "सगळी म्हणली मी पेज दिली म्हणून. सासू मरेस्तोवर तेच म्हणत होती."

मला लग्न झाल्यापासून हे कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालापण ठाव नसणार. मी म्हणलं, "आत्या, पावसाचं पाणी असंल ते. गढूळ पाणी."

"असंल," ती म्हणली. "तेव्हा मशीन नव्हतं ना कोणाकडं."

मॅडमनी ओली सुपं एका बाजूला केली, कागद बदलले. मला काढलं नाय. दिवसभर मी पडवीत ब्रश चालवला. तिन्हीसांजेला आत गेले तर आत्यानं त्या दिवशी चूल लवकर पेटवली होती. नाचणीचं सत्त्व खळखळत होतं, त्यात गूळ. पाट मांडलेला. ओवाळायला ताम्हण, ताम्हणात दिवा नाय. मी दारातच थांबले.

"आत ये," ती म्हणली. "मामा नाय तर नाय. बस पाटावर हिला घेऊन."

"कोण भरवणार?"

"तूच दे. तुझंच तर खातेय ती."

"आत्या, काय झालं म्हणजे..."

"पाणी उकळलंय. दोनदा उकळलंय. वाटी उकळत्या पाण्यातनं काढलीय. बस आता, माझा पाय दुखतोय."

मी बोटावर घेतलं, फुंकलं, जिभेला लावून बघितलं. अर्धं पोरीच्या हनुवटीलाच लागलं. तिनं तोंड वाकडं केलं नि थुंकली. आत्यानं डोळे मिटले. मी दुसरं बोट दिलं. तेपण थुंकली. तिसऱ्याला तिनं माझं बोटच धरलं दोन्ही हातांनी नि चोखायला लागली, आणि सोडेना. वाटीतलं दोन बोटं खाऊन ती तशीच झोपली, तोंडाला सत्त्व. आम्ही दोघी रात्रभर तिच्या पोटाला हात लावून बघत होतो, काय झालं तर नाय ना. काय झालं नाय. सकाळी तिला जरा जास्त दिलं. मला मात्र जागरणानं दोन दिवस चालवत नव्हतं.

आत्या फक्त एवढं म्हणली, "हे कोणाला सांगायचं नाय." मी म्हणलं, नाय.

वळीव यायच्या आत ती माणसं गेली. मॅडमनी जाताना हाडांचे डबे भाताच्या तुसात बसवून नेले, तूस आम्हीच दिलं. मला त्यांनी तो सशाचा ब्रश ठेवायला दिला. मग दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला, मी नेमकी वळणावर होते रेशन घेऊन. वासराच्या दाताची भुकटी झालीय म्हणल्या, पण मशीनला नंबर लागलेला नाही अजून. आणि सुपातल्या हाडांचं म्हणाल तर सगळा गाळ निघाला. "आजींना सांग, त्यांच्यामुळे नाही. गोमूत्र नसतं तरी त्यात काहीच उरलेलं नव्हतं."

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती, त्याच सुपात. म्हणली, "मी तेव्हाच म्हणलं होतं."

गणपतीत भाऊ आला. चांदीची वाटी, चांदीचा चमचा, पोरीला झबलं, आत्याला लुगडं. तो इतका ओशाळला होता की माझ्याकडं बघत नव्हता. आत्या म्हणली, "असू दे, आता आलास ना. तुझ्यासाठीच थांबलोय." आणि पाट मांडला, दिवा लावला, वाडी बोलावली. खीर केली. पोरीला तेव्हा सहा दात होते, बरणीतली चकली काढून खायची ती.

भावानं चमच्यात खीर घेतली, फुंकली, हळू हळू पुढं नेली, नि चमचा अजून हातभर लांब असतानाच पोरीनं आ केला.

काकी म्हणली, "अगो बाय! हिला तर सवय दिसतेय!"

"मामाची वाट बघून भुकेजलीय," आत्या म्हणली, चेहऱ्यावर काय न दाखवता.

पहिला घास गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा भावाला हातानं द्यायचा होता, त्याला भरून आलं होतं, बोटावर घेऊन त्यानं तोंडात घातला, नि पोरीनं कचकन चावा घेतला. "आई गं! दात लागले हिचे!" तो बोट झटकत होता नि सगळी वाडी हसत होती. मी म्हणलं, दाखव. वरचे दोन, खालचे दोन, स्वच्छ उमटले होते.

आत्यानं माझ्याकडं बघितलं नाय. मीपण तिच्याकडं बघितलं नाय. मी पोरीचं तोंड पुसलं, धाप लागली होती म्हणून जरा भिंतीला टेकले, आणि उरलेली खीर तिला माझ्या हातानं भरवायला घेतली.